चौदा चपटे लॅपटॉप

आमच्या ऑफिसात आता सगळ्यांकडे जाडजूड, काळे, ओबडधोबड लॅपटॉप आहेत. पिशवीत घातला की खांदा दुखतो, टेबलावर ठेवला की धप्पकन आवाज होतो. नव्यानं कामाला लागलेली मुलं नाकं मुरडतात आणि विचारतात, हे कुणी निवडले? मग कुणीतरी माझ्याकडे बोट दाखवून म्हणतं, मॅडमनी, त्यांना यातलं फार कळतं. मी मान खाली घालून चहा पीत राहते. यातलं मला काय कळतं आणि ते नेमकं केव्हा कळलं, हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही.

रामदासपेठेतल्या एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. कोळसा खाणींना आणि कापसाच्या जिनिंगवाल्यांना आम्ही पट्टे, पंप, बेअरिंग असला माल पुरवतो. झाडूपासून एसीपर्यंत ऑफिससाठी जे काही घ्यायचं ते मी ठरवते. अठरा वर्षं हेच करत आले आणि मला त्याचा थोडा ताठाही होता. भाव करण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही, असं मी स्वतःच लोकांना सांगायची.

आमच्या फिरतीवरच्या माणसांकडे पूर्वीही असेच जाडे लॅपटॉप होते. कोळशाच्या धुळीनं त्यांच्या बटणांवरची अक्षरं पुसली होती, पण चालायचे. एकदा एका खाणीच्या ऑफिसात आमच्या माणसानं तो उघडला, तेव्हा तिथला साहेब म्हणाला, "हे कोळशासोबतच खाणीतून निघालं का?" सगळे हसले. ही गोष्ट आमच्या मालकांच्या, म्हणजे सरांच्या, कानावर आली आणि त्यांना ती फार लागली. त्यांनी मला बोलावून सांगितलं, "मॅडम, आपला माणूस समोर बसला तं कंपनी दिसली पाहिजे."

दोन नमुने आले. एक जुन्यासारखाच जाडा आणि काळा. दुसरा चंदेरी, वहीएवढा पातळ. मी दोन्ही उचलून खाली तळमजल्यावर घेऊन गेले. तिथं जिन्याखाली एका दुरुस्तीवाल्याचं दुकान आहे. पन्नाशीचा, डोळ्याला भिंग लावून बसणारा, बोलायला फटकळ माणूस. आमचे जुने लॅपटॉप इतकी वर्षं त्यानंच जगवले होते. त्यानं जाड्याचा खटका दाबला आणि बॅटरी काढून माझ्या हातात दिली.

"हे पाहा. बिघडली तं काढली, दुसरी लावली. पाच मिनिटांचं काम. अन् ह्या चपट्याची बॅटरी आतमंधी चिकटवून ठेवली आहे. काढाची म्हणलं तं पुरं पोट उघडा लागते. मंग कोणी काढतच नाही."

"पण दिसायला किती छान आहे," मी म्हणाले.

"दिसाले तं आहेच. पण तुम्हाले धंद्यावर न्याचा आहे का वरातीत नाचवाचा आहे?"

मी हसले आणि म्हणाले, "जुनं गिऱ्हाईक हातचं जाईल म्हणून बोलून राहिले ना तुम्ही?" त्याला ते आवडलं नाही. त्यानं भिंग पुन्हा डोळ्याला लावलं आणि माझ्याकडे पाहिलं नाही.

खरं कारण सांगायचं तर चपटा मला आवडला होता. हातात घेतला तर वजनच लागेना. झाकणात माझा चेहरा अंधुक दिसत होता आणि तो मला बरा वाटला. मी चौदा मागवले. त्यातला एक माझ्यासाठी होता.

खंडेनवमीला ते चौदाही एका लांब टेबलावर ओळीनं मांडून त्यांची पूजा झाली. झेंडूची फुलं, हळदकुंकू, नारळ, सगळं झालं. नंतर गिऱ्हाइकांसाठी जेवण ठेवलं होतं, त्यात सरांनी मला उभं केलं आणि सगळ्यांना सांगितलं, "ही निवड आमच्या मॅडमची. कंपनीचं रूप पालटून टाकलं यांनी." टाळ्या वाजल्या. मला त्या टाळ्या हव्या होत्या आणि मिळाल्या. हिवाळाभर मी त्यावर खूश होते.

एप्रिल लागला आणि नागपूर तापायला लागलं. आमची माणसं दिवसभर उन्हात. खाणीच्या फाटकाशी गाडी उभी करायची, लॅपटॉप सीटवर राहायचा, काच बंद. दोन तासांनी येऊन तसाच तापलेला उचलून चार्जिंगला लावायचा. पहिली तक्रार आली ती अशी की बटणांखालची चौकोनी पट्टी दबत नाही, तिच्यावर बोट फिरवलं तरी बाण जागचा हलत नाही. मी पाहिलं, तर पट्टी थोडी वर आली होती. पुढच्या आठवड्यात दुसऱ्याचं झाकण नीट बसेना. मेमध्ये तिसरा टेबलावर ठेवला तर डुलायला लागला, कारण त्याच्या तळाला पोट आलं होतं.

आमच्यात एक सेल्समन इतवारीतल्या धान्याच्या दुकानदाराच्या घरचा. त्याला प्रत्येक गोष्टीवर उपाय सुचतो. तो दुकानातलं दहा किलोचं लोखंडी वजन घेऊन आला. "फुगलं तं दाबाचं, त्यात काय एवढं? पापडाले डाक्टरकडे नेता का?" असं म्हणून त्यानं ते लॅपटॉपवर ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी झाकण बसलं. मग काय, नंबर लागले. सोमवारी याचा, मंगळवारी त्याचा. कोपऱ्यातल्या टेबलावर ते वजन कायमचं मुक्कामाला आलं आणि त्याखाली एक ना एक चंदेरी पाठ असायचीच. झाकणावर ओरखडा पडू नये म्हणून वजनाखाली घालायला जुना टॉवेल मीच आणून दिला. तेव्हासुद्धा मला काळजी होती ती ओरखड्याची.

एका बुधवारी प्रिंटर अडला म्हणून दुरुस्तीवाला वर आला. त्याची नजर कोपऱ्याकडे गेली. तो तिकडे गेला, वजन दोन्ही हातांनी हळूच उचलून जमिनीवर ठेवलं आणि लॅपटॉप नाकाशी नेला.

"मॅडम, इकडे या. वास घ्या."

गोडसर वास होता, नेलपॉलिशसारखा. माझ्या टेबलापाशी मला तो दोन-तीन दिवस येत होता. कुणीतरी अत्तर बदललं असेल असं मी समजले होते.

"आतमंधी गॅस धरला आहे तिनं," तो म्हणाला. नेहमीचा खवचटपणा त्याच्या आवाजात नव्हता. "वरून दाबलं तं कुठं जाईन तो? आतली पिशवी फाटते अन् मंग धूर नाही, सिधी आग. एक झालं तं समजून घेतो. इथं तं चारपाच दिसून राहिले. आजच सगळ्यांले सांगा, चार्जिंग बंद. घरी तं नेऊच देऊ नका. बाहेर उघड्यावर रेतीत ठेवा. लागलीच आग तं पाणी नका टाकू, रेती टाका. लेकराबाळाले दूर करा."

"सांगते," मी म्हणाले.

"आजच."

"हो म्हटलं ना!"

तो गेला. मी वजन उचलून माझ्या टेबलाखाली ढकललं. कुणी विचारलं तर सांगितलं, सरांना हे दिसायला बरं वाटत नाही. मग फोन हातात घेतला आणि सगळ्यांना पाठवायचा मजकूर लिहायला बसले. पहिल्यांदा लिहिलं, 'बॅटरी धोकादायक आहे.' ते पुसलं. मग लिहिलं, 'चार्जिंग करू नये.' तेही पुसलं, कारण काहून, का बरं, असं विचारतील, आणि काहूनचं उत्तर माझ्यापाशी येऊन थांबत होतं. शेवटी लिहिलं, 'उन्हाळ्यामुळे लॅपटॉप थंड जागी ठेवावेत.' तेरा जणांनी अंगठा दाखवला.

सरांशी बोलायला मी दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेले. एकदा ते फोनवर होते. दुसऱ्यांदा नव्हते, तरी मी परत आले. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हटलं. पुढच्या आठवड्यात एकेक करून परत मागवू, दुरुस्तीच्या नावाखाली बदलून घेऊ, कुणाला कळणारही नाही. अठरा वर्षांत एक चूक, तीही भर जेवणात टाळ्या वाजवून घेतलेली. ती उघडी पडायची मला लाज वाटत होती. लाजेपुढे मला दुसरं काही दिसतच नव्हतं.

आमच्या फिरतीवर एकच बाई होती. तिशीची, सावनेरची. रोज एसटीनं यायची, दिवसभर खाणी पालथ्या घालायची आणि संध्याकाळी परत जायची. नवरा खाणीत पाळीवर, घरी सासू आणि सहा वर्षांची मुलगी. ती मला ताई म्हणायची. ऑफिसात बाकी सगळ्यांची मी मॅडम होते. तिच्या सासूनं लॅपटॉपला गोधडीसारखं जाड कव्हर शिवून दिलं होतं, जुन्या लुगड्यांचे थर घालून, बारीक टाक्यांचं, वर दोन बंद. मी त्याचं कौतुक करायची. आत वारा शिरायला सुईएवढी फट नाही, हे मला तेव्हा सुचलं नाही.

शनिवारी संध्याकाळी ती माझ्या टेबलापाशी आली आणि बंद सोडून तिनं लॅपटॉप दाखवला. तळाचा पत्रा एका बाजूनं उचलला होता. फटीत नख जात होतं.

"ताई, हे पाहा ना, किती फुगून राहिलं. काही होत तं नाही ना?"

तिच्या हातातल्या लॅपटॉपला तोच गोडसर वास होता. माझ्या टेबलाचा खालचा खण रिकामा होता. 'ठेवून जा इथंच' एवढं म्हटलं असतं तर पुरलं असतं. पण मग तिनं विचारलं असतं काहून, आणि पलीकडे बसलेल्या दोघांनी माना वर केल्या असत्या.

"काही नाही होत वं," मी म्हणाले. "उन्हानं होते तसं. थंड जागी ठेव, बस."

"बरं झालं विचारलं. सोमवारी खाणीत भाव द्याचा आहे, उद्या घरी बसून करा लागते. अन् पोरगी तं कार्टून लावून दिल्याशिवाय जेवतच नाही." ती हसली, बंद बांधले आणि सहाची गाडी पकडायला धावत निघाली.

ती रात्र मी कशीबशी काढली. रविवारी सकाळी पोळ्या लाटताना मला तिच्या मुलीचं जेवण दिसायला लागलं. ताट, वरण-भात, समोर उघडा लॅपटॉप. मी ती मुलगी कधी पाहिली नव्हती, पण मला ती दिसत होती. अकरा वाजता मी फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. एरवी मी म्हटलं असतं, लाइट गेली असेल, रेंज नसेल. त्या दिवशी प्रत्येक वेळी 'बंद आहे' ऐकलं की मी लगेच पुन्हा लावायची. नवऱ्यानं विचारलं, "काय झालं गं?" मी म्हणाले, "काही नाही, एका मैत्रिणीकडे जाऊन येते." त्याच्याकडे गाडी मागितली असती तर कुठं, कशाला, सगळं सांगावं लागलं असतं. म्हणून मी दुपट्टा तोंडाला गुंडाळून भर उन्हात एसटीनं निघाले. त्याही वेळी मी माझी मूठ झाकतच होते.

बस ठिकठिकाणी थांबत होती. खिडकीतून झळा येत होत्या. दर थांब्याला माणसं उतरत, टोपल्या चढत, कंडक्टर निवांत बेल मारी आणि मी फोन लावत राही. समोरून कोळशाचे ट्रक ताडपत्री फडफडवत येत. एका ठिकाणी शेताचा धुरा, बांधावरचं गवत, जाळल्याचा धूर होता. मी उठून उभी राहिले. शेजारची म्हातारी म्हणाली, "बसा ना बाई, सावनेर अजून लांब आहे."

घर विचारत विचारत गेले. गल्लीच्या टोकाला शेवटचं, दोन खोल्यांचं. शेजारी नवं बांधकाम चाललं होतं, रस्त्यावर रेतीचा ढीग. दार उघडं होतं, कूलर घरघरत होता. काही झालेलं नव्हतं. मी दाराची चौकट धरली.

सासूनं मला ओळखलं नाही, पण ऑफिसचं नाव सांगताच त्यांची धांदल उडाली. "अवं माय, एवढ्या उन्हाच्या काहून आल्या? सून मोरीत आहे, धुणं धुवून राहिली. फोन तिचा कालपासून पाण्यात पडून बंद आहे. बसा ना, बसा."

मी बसले नाही. आतल्या दिवाणावर ते गोधडीचं कव्हर दिसलं. बंद बांधलेले, एका कोपऱ्यातून चार्जरची वायर बाहेर आलेली, आणि त्याच्यावर मसाला वाटायचा दगडी पाटा. पाट्याला टेकून मुलगी बसली होती आणि बाहुलीचे केस विंचरत होती.

"पाटा कशाला?" मी विचारलं.

"सूनबाईनंच सांगतलं ना, तुमच्या आफिसात असंच वजन ठेवतात म्हणून. मंग म्या पाटा ठेवला. तुमच्या वजनापरीस भारी आहे." त्या अभिमानानं सांगत होत्या.

मी मुलीचा दंड धरून तिला ओढलं. इतकं जोरात की ती रडायला लागली. खटका बंद करून वायर उपटली. पाटा मी एकटीनं उचलला कसा ते ठाऊक नाही, तो खाली पडला आणि फरशी तडकली. कव्हर हाताला भाजत होतं. त्यातून आता गोड वास येत नव्हता, जळका, घशाला झोंबणारा येत होता. मी ते तसंच छातीपासून लांब धरून बाहेर पळाले आणि रेतीच्या ढिगावर फेकलं. चार पावलं मागे आले तोच आतून शिटीसारखा आवाज निघाला. मग टाक्यांतून पांढरा धूर आणि लगेच भडका. जुनी लुगडी क्षणात पेटली. फटाफट काहीतरी फुटत होतं आणि ठिणग्या दारापर्यंत उडत होत्या.

मोरीतून ती ओल्या हातांनी बाहेर आली. सासू बादली घेऊन धावल्या. मी ओरडले, "पाणी नाही! रेती! रेती टाका!" गवंड्याचं घमेलं तिथंच पडलं होतं. आम्ही तिघींनी मिळून रेती टाकली. टाकली की विझायचं, पुन्हा फडफडून उठायचं. दोनदा, तीनदा. शेवटी नुसता काळा धूर राहिला. गल्लीतली माणसं जमली होती, त्यांनाही मी सांगत होते, जवळ जाऊ नका, त्याचा धूर घेऊ नका, लेकरांना आत न्या.

मुलगी सासूच्या लुगड्यात तोंड खुपसून हुंदके देत होती. तिच्या दंडावर माझी बोटं उमटली होती. तिची आई माझ्याजवळ आली, घमेलं हातात तसंच. ढिगाकडे पाहिलं, उघड्या दारातून दिवाणाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ताई, तुम्हाले इतकं सगळं कसं माहीत? पाणी नाही, रेती टाका... तुम्हाले कोणी सांगतलं?"

मी खरं सांगायला तोंड उघडलं होतं. हे मी शपथेवर सांगते. पण सगळी गल्ली माझ्याकडे पाहत होती, सासू हात जोडून उभ्या होत्या, आणि ती मला अजून ताई म्हणत होती.

"आजच समजलं," मी म्हणाले. "सकाळी. तुझा फोन लागेना, म्हणून धावत आली."

तिनं घमेलं टाकलं आणि माझ्या गळ्यात पडून रडायला लागली. सासू सगळ्यांना सांगत सुटल्या की कंपनीच्या मॅडम स्वतः आल्या, रविवारच्या, एसटीनं, अशा उन्हात, आजकाल कोण करते कोणासाठी एवढं? कुणीतरी मला पाणी आणून दिलं. कुणीतरी माझ्या भाजलेल्या हातावर टूथपेस्ट लावली. मग तिनं डोळे पुसले, मुलीला पुढे ओढलं आणि म्हणाली, "पाया पड वं मावशीच्या. मावशी होती म्हणून तू आहेस."

मुलगी मला घाबरत होती. तरी आईनं सांगितलं म्हणून ती वाकली आणि तिनं दोन्ही हात माझ्या पायांना लावले. मी पाय मागे घेतले नाहीत. तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "सुखी राहा."